चौदा नंबरच्या प्रेसचा शेरा

रोहिदास आणि ज्योतीराम दोन वर्षं एकाच मशीनवर काम करत होते आणि दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं. भांडण वगैरे काही नव्हतं हो. पहिल्या शिफ्टची बस साडेतीनला गेटबाहेर पडायची आणि दुसऱ्या शिफ्टची बस त्याच मिनिटाला आत यायची, एवढंच कारण. चाकणच्या त्या कंपनीत गाडीच्या ब्रेकला लागणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या बनायच्या. चौदा नंबरची प्रेस सकाळी रोहिदास चालवायचा आणि दुपारनंतर ज्योतीराम.

मशीनजवळ एका खिळ्याला वही टांगलेली असायची. जाणाऱ्यानं येणाऱ्यासाठी त्यात लिहायचं: किती नग निघाले, मशीन कसं आहे, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. आता शेऱ्यात रोज लिहिणार तरी काय? सगळी कंपनी ‘ओके’ लिहून मोकळी व्हायची. रोहिदासही तेच लिहायचा. पण एक दिवस त्याचं डोकं तापलेलं होतं. त्यानं लिहिलं, ‘मशीन ओके. काल टीव्हीवर शिनेमा लागला व्हता, शेवट पटला न्हाई.’

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उत्तर होतं. ‘मशीन ओके. शेवट मला पण पटला नाही. हिरो एवढा शहाणा, तर पोलिसात आधीच का गेला नाही?’

झालं, तिथून जी गाडी सुटली ती थांबलीच नाही. रोहिदास चाकणच्या जुन्या गावातला, बावन्न वर्षांचा. शेत कंपनीत गेलं आणि त्याबरोबर तोही कंपनीत आला, कायमचा. दर गुरुवारी, म्हणजे एमआयडीसीच्या सुट्टीला, राजगुरुनगरच्या वाचनालयातून एक पुस्तक आणायचा आणि आठवडाभर त्यावर लिहायचा. ‘कादंबरी धरली. पहिली साठ पानं नायक खिडकीत बसलाय. त्याला शिफ्ट नसावी.’ ज्योतीराम कोल्हापूरकडचा, एकतीस वर्षांचा, काळेवाडीत भाड्याच्या खोलीत राहणारा आणि फुटबॉलसाठी जीव टाकणारा. शिफ्टवरून घरी गेला की परदेशातली मॅच लावायचा. त्यानं रोहिदासला मॅच बघायला सांगितलं, तेव्हा रोहिदासनं लिहिलं, ‘नव्वद मिनिटं बावीस माणसं पळाली अन् शेवटी शून्य-शून्य. आमची ग्रामसभा अशीच असते.’

‘रोहिदासभाऊ, शून्य-शून्यमध्ये गोलकीपर बघायचा असतो,’ ज्योतीरामनं कळवलं.

चार दिवसांनी शेरा आला, ‘गोलकीपर बघितला. बिचारा एकटाच उभा व्हता. कुणी पास देईना. रात्री जेवण ग्वाड लागलं न्हाई.’

बातम्यांवरही लिहून व्हायचं. ‘चाकण चौकातली कोंडी सहा महिन्यांत सुटणार म्हणे. तारीख मांडून ठेवली हाय.’ आणि या सगळ्यात मशीनचंही असायचं, बरं का! ‘सतरा तारीख. पंच झिजलाय, पत्र्याला टोचरी कड येतीय. शेवटचे बावीस नग लाल पेटीत टाकलेत, मोजून बघ. मालिकेतली वकीलीण केस हरली. हरणारच, कागद नीट लावले न्हाईत तिनं.’ ज्योतीरामनं लाल पेटीतले, म्हणजे बाद झालेले, बावीस नग मोजले, पत्रा कापणारा पंच बदलून घेतला, आणि वकिलिणीची बाजू घेऊन पाऊण पान लिहिलं.

एकमेकांचा फोन नंबर कधी घ्यावासा वाटला नाही. वही होती ना.

आता ज्योतीरामची खरी काळजी सांगायला हवी. तो होता टेम्पररी. सात महिने भरले की कंपनी ‘ब्रेक’ द्यायची, म्हणजे घरी जा, दोन महिन्यांनी पुन्हा या. असे पाच ब्रेक झाले होते. पाच वेळा त्याची बायको सायली भांडीकुंडी पोत्यात बांधून गावी गेली होती आणि पाच वेळा परत येऊन नवी खोली शोधली होती. या वेळी तिनं स्पष्ट सांगितलं होतं, “आता ब्रेक दिला तर मी पोतं शिवणार न्हाई. तू एकटा जा, नाहीतर एकटा ऱ्हा. मी हितंच बसणार कडी लावून.”

क्वालिटीच्या प्रमुख मिनल मॅडमनी ज्योतीरामला शब्द दिला होता. “तुझं नाव कायम करायच्या यादीत पहिलं आहे. फक्त कस्टमरचं ऑडिट निघू दे.”

आणि बुधवारी दुपारी नोटीस लागली. शुक्रवारी ऑडिट. येणार कोण, तर उद्धवराव. हे उद्धवराव म्हणजे कस्टमरकडचे ऑडिटर, हाडकुळे गृहस्थ, कंपनीचा चहा घेत नाहीत, स्वतःचा थर्मास आणतात, आणि बोलतात फक्त ‘बरं’. त्या एका ‘बरं’वर भल्याभल्यांची झोप उडायची. नोटिशीत शेवटी लिहिलं होतं, ‘या वेळी प्रत्येक मशीनवरची वही तपासली जाईल.’

रोहिदासनं ते वाचलं आणि तो घाबरला. स्वतःसाठी नाही. त्याला कोण काढतंय? पण पोरगं टेम्पररी आहे हे त्याला वहीतूनच कळलं होतं. ही वही त्या ऑडिटरच्या हाती पडली तर पोराचा निकालच लागला. वहीत तर लिहिता येईना की ‘वही लपव’. मग त्यानं स्टोअरमधून एक कोरी वही मागून घेतली, डब्याच्या पिशवीत घातली आणि घरी गेला. गुरुवारी वाचनालयाला न जाता दिवसभर ओट्यावर बसून त्यानं तीन महिन्यांची नवीकोरी नोंद रचली. दोघांच्या अक्षरात. नग ओके, मशीन ओके, शेरा ओके.

इकडे ज्योतीरामनं बुधवारी दुसऱ्या शिफ्टला येऊन तीच नोटीस वाचली. त्यानंही स्टोअरमधून एक कोरी वही घेतली, आणि खिळ्यावरची खरी वही जेवणाच्या पिशवीत लपवून काळेवाडीला नेली. गुरुवारी सायली तारखा सांगत होती आणि तो लिहीत होता.

“सतरा तारीख,” सायली म्हणाली, आणि थांबली. “अगं बाई! वकिलिणीबद्दल हे तू लिहिलंयस?”

“तू तारखा सांग की.”

“मी घरात बोलले की ‘हं’ म्हणतोस. आणि हितं पाऊण पान?”

“सायले, नोकरीचा प्रश्न हाय. सतराला काय लिवू?”

“ओके लिही,” ती फणकाऱ्यानं म्हणाली. मग उरलेली पानं तिनं मनातल्या मनात वाचली आणि तारखा मागून मागून घ्याव्या लागल्या; काही तर त्यानं अंदाजानंच घातल्या.

शुक्रवारी सकाळी रोहिदासनं खिळ्यावर पाहिलं तर वही गायब. ‘पोरगं शहाणं हाय,’ तो मनात म्हणाला आणि त्यानं आपली नवी करकरीत वही तिथं टांगली. आता काही भीती नाही, असं वाटून त्यानं दुपारपर्यंत निवांत काम केलं.

पण उद्धवरावांना शिफ्टबदल बघायचा होता. त्यामुळे त्या दिवशी पहिल्या शिफ्टची बस थांबवून ठेवली होती. साडेतीनला ज्योतीराम घाईघाईनं मशीनपाशी आला. पिशवीतून त्यानं आपली नवी वही काढली आणि खिळ्याकडे हात नेला. तिथं एक वही होती. शेजारी एक पांढऱ्या मिशांचा माणूस उभा होता.

“तू ज्योतीराम व्हय?” तो म्हणाला. “अक्षरावरनं मला वाटलं जाडा असशील.”

“रोहिदासभाऊ? आणि ही वही कुणाची?”

“म्या केली. तुझ्यासाठी. तुझ्या हातात काय हाय?”

“मी पण केलीया!”

दोन वर्षांनी झालेली भेट इतपतच चालली, कारण मागून मिनल मॅडम आणि उद्धवराव येऊन उभे राहिले. उद्धवरावांनी एक हात खिळ्यावरच्या वहीकडे नेला आणि दुसरा ज्योतीरामच्या हातातल्या वहीकडे. दोन्ही वह्या टेबलावर शेजारी शेजारी उघडल्या.

“बरं,” ते म्हणाले.

मिनल मॅडमचा चेहरा पांढरा पडला.

“या वहीप्रमाणे,” उद्धवराव रोहिदासची वही दाखवत म्हणाले, “तुमची कंपनी तेरा गुरुवार चालू होती. आणि या दुसऱ्या वहीप्रमाणे एक मेला बाराशे चाळीस नग निघाले. झेंडावंदन मशीनवरच केलं का?”

रोहिदासनं मिशीवरून हात फिरवला.

“सतरा तारखेला संध्याकाळी स्टोअरमधून नवीन पंच गेलाय. सतराला दोन्ही वह्यांत ‘ओके’. सगळं ओके होतं तर पंच काहून बदलला?” त्यांनी दोन्ही वह्या मिटल्या. “ह्या दोन्ही खोट्या आहेत. खरी कुठंय?”

ज्योतीरामच्या डोळ्यांपुढे पोतं आणि सुतळी उभी राहिली. खोटं बोलावं तर आणखी किती बोलणार? तो खाली वाकला, ऑडिटनंतर परत टांगायला आणलेली तेलकट डागांची जुनी वही पिशवीतून काढली आणि दोन्ही हातांनी पुढे केली.

“साहेब, चूक माझी हाय,” तो म्हणाला.

“न्हाय, न्हाय! सुरवात म्या केली,” रोहिदास मधे पडला. “शिनेमाचं पयलं म्याच लिवलं. पोराला काय बोलू नका.”

उद्धवरावांनी चष्मा बदलला आणि उभ्याउभ्या वाचायला घेतलं. मिनल मॅडम पुढे होऊन बघायला लागल्या. पहिलीच ओळ दिसली तशा कुजबुजल्या, “ज्योतीराम, हे काय आहे? ‘नायक खिडकीत बसलाय’? कोण नायक? कुठल्या खिडकीत?” उद्धवरावांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बसवाल्यानं दोनदा हॉर्न दिला. त्यांनी थर्मास उघडला, टेबलाला टेकले आणि चहा पीत पुढे वाचू लागले. गोलकीपरपाशी त्यांचा ओठ जरासा हलला, असं रोहिदास आजही शपथेवर सांगतो. सतरा तारखेच्या पानावर ते थांबले, लाल पेटीतले बावीस नग दोनदा वाचले, पंच बदलल्याचं वाचलं, आणि मग वकिलिणीचं पाऊण पानही वाचलं.

चाळीस मिनिटांनी त्यांनी वही मिटली. “मॅडम, मी तेवीस वर्षं वह्या तपासतोय,” ते म्हणाले. “वह्या भरलेल्या असतात. वाचत कुणीच नाही. ही पहिली वही बघितली, जी समोरच्यानं वाचलीय.”

मिनल मॅडमना रडावं की हसावं कळेना. आठवड्याभरात रिपोर्ट आला. दोन बनावट वह्यांबद्दल कानउघाडणी होती, ती ठीकच. पण पुढचा मुद्दा असा होता: ‘चौदा नंबरवरील पद्धत उत्तम. हीच पद्धत सर्व बेचाळीस मशीनवर लागू करावी व तीस दिवसांत पुरावा सादर करावा.’

ज्योतीराम पळतच मॅडमच्या केबिनमध्ये गेला. “मॅडम, मग माझं पत्र?”

“हा मुद्दा मिटल्याशिवाय ऑडिट पूर्ण होत नाही, आणि ऑडिट पूर्ण झाल्याशिवाय पत्र नाही,” त्या म्हणाल्या. “आणि मुद्दा तुझ्यामुळे निघालाय, तर मिटवायचाही तूच. आजपासून तू मत-नोंद समन्वयक.”

“ते काय असतंय?”

“मलाही माहीत नाही. मीच काल रात्री पद तयार केलंय.”

मिनल मॅडम हुशार बाई. त्यांनी दोन दिवसांत छापील तक्ता काढला. पाच रकाने: पुस्तक, सिनेमा, टीव्ही, फुटबॉल, बातम्या. प्रत्येकानं रोज मत नोंदवायचं, खाली सही करायची. रकाना कोरा ठेवल्यास मेमो. बेचाळीस मशीनवर बेचाळीस तक्ते लागले आणि कंपनीत एकच गोंधळ उडाला.

“भावा, मी आयुष्यात पुस्तक धरलं नाही. मत कुठनं आणू?” नऊ नंबरवरचा समाधान ज्योतीरामला म्हणाला.

“जे वाटतं ते लिव.”

“काहीच वाटत नाही.”

“मग ते लिव.”

“ते लिहिलं तर मेमो येईल ना, राव!”

तिसऱ्या दिवशी समाधानला मार्ग सापडला आणि तासाभरात तो सगळ्यांना सापडला. पुस्तक ओके, सिनेमा ओके, टीव्ही ओके, फुटबॉल ओके, बातम्या ओके. त्या दिवशी अर्ध्या शहराला पाणी आलं नव्हतं, बातम्यांत बाया हंडे घेऊन रस्त्यावर बसल्या होत्या, आणि एक्केचाळीस मशीनवर बातम्या ओके होत्या. ज्योतीराम रोज ते तक्ते गोळा करायचा, शिक्का मारायचा आणि घरी जाऊन सायलीसमोर गप्प बसायचा. जुनी वही तर पुरावा म्हणून मॅडमच्या कपाटात बंद झाली होती. सकाळी काय शेरा आला असेल, या विचारानं मशीनकडे जायची त्याची सवय मोडली.

एकच तक्ता रोज कोरा यायचा. रोहिदासचा.

“त्याला मेमो दे,” मिनल मॅडम म्हणाल्या.

“मॅडम, मी? रोहिदासभाऊंना?”

“समन्वयक तू आहेस. एक तक्ता कोरा राहिला तरी मुद्दा मिटत नाही. तुला पत्र हवंय ना?”

हवं होतं. फार हवं होतं. ज्योतीरामनं जड हातानं मेमो भरला, ‘आपण दिनांक अमुक रोजी पाचही विषयांवर मत नोंदवले नाही, याचा खुलासा द्यावा,’ आणि चौदा नंबरवर ठेवला. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. माणूस आपल्यासाठी अख्खी वही लिहून देतो आणि आपण त्याला मेमो देतो, म्हणजे काय म्हणावं आपल्याला!

दुसऱ्या दिवशी मेमो परत आला. त्यात ‘कर्मचाऱ्याचा खुलासा’ या मथळ्याखाली बारा ओळींची जागा होती. बाराही ओळी भरून मजकूर पाठीमागे गेला होता.

‘खुलासा असा की, एवढ्याशा चौकोनात मत मावत न्हाई. काल जे पुस्तक संपवलं त्यातला मास्तर शेवटी गावात परत येतो, हे लेखकानं घाईत उरकलंय…’ आणि असं दीड पान.

खाली छापील रकाना होता, ‘मेमो देणाऱ्याचा शेरा’. ज्योतीराम त्या रकान्याकडे बघत बसला. मग त्यानं इकडेतिकडे पाहिलं, पेन उघडलं आणि लिहिलं, ‘खुलासा वाचला. मास्तर परत आला हे मला आवडलं असतं, पण तुम्ही म्हणताय तर घाई झाली असेल. कालच्या मॅचमध्ये पेनल्टी चुकवणारा पोरगा एकोणीस वर्षांचा होता. सगळे त्याला शिव्या घालताहेत. त्याबद्दल काय? — नवीन मेमो सोबत जोडला आहे.’

त्या दिवसापासून रोहिदासला रोज मेमो जाऊ लागला आणि रोज खुलासा येऊ लागला. पेनल्टीवाल्या पोराबद्दल रोहिदासनं लिहिलं, ‘त्याच्या आईनं मॅच बघितली नसावी, अशी आशा हाय.’ ज्योतीराम ती ओळ सायलीला वाचून दाखवायला मेमो घरी घेऊन गेला. कंपनीत मात्र रोहिदासबद्दल वेगळीच हवा झाली. “रोज मेमो खातोय, तरी हसतोय,” समाधान सगळ्यांना सांगायचा. “जमीनवाले लोक, त्यांना काय!”

एकोणतिसाव्या दिवशी मिनल मॅडमचा निरोप आला. ‘सगळे तक्ते आणि मेमोची फाइल केबिनमध्ये पाठव. आजच उद्धवरावांना पुरावा पाठवायचाय.’

तक्ते देताना ज्योतीरामला काही वाटलं नाही. फाइल देताना मात्र त्यानं ती दोन्ही हातांनी धरून ठेवली. बावीस मेमो, बावीस खुलासे, बावीस शेरे. कंपनीच्या छापील कागदावर, समन्वयकाच्या सहीनिशी. मॅडमनी फाइल घेतली आणि दार लावून घेतलं.

ज्योतीराम बाहेर बाकड्यावर बसला. थोड्या वेळानं रोहिदास येऊन शेजारी बसला. त्याची बस निघून गेली होती.

“तुमी घरी जावा, भाऊ.”

“जाईन की. काय म्हनत्यात त्या?”

“आत गेल्या त्या बाहेरच येईनात. आता सायलीला काय तोंड दाखवू? तिनं पोतं जाळून टाकलंय.”

“जाळलं?”

“चुलीत घातलं. म्हणाली, आता ब्रेक मिळाला तर सामान भरायलाच काय न्हाई.”

रोहिदासनं ज्योतीरामच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. एक तास झाला, दीड तास झाला. आतून ना आवाज, ना बोलावणं. एकदा फक्त शिपाई आत चहा घेऊन गेला आणि बाहेर येऊन म्हणाला, “मॅडम फाइल वाचतायत. मला म्हणाल्या, कुणाला आत सोडू नको.”

शेवटी दार उघडलं. मिनल मॅडमच्या एका हातात फाइल होती, दुसऱ्यात लिफाफा. त्यांनी लिफाफा ज्योतीरामच्या मांडीवर ठेवला.

“तक्त्यांचे फोटो पाठवले होते, चौदा नंबरच्या कोऱ्या तक्त्यांखाली ‘मत स्वतंत्र कागदावर’ असं मीच लिहून. उद्धवरावांचा मेल आला. ‘बरं’ एवढंच लिहिलंय. मुद्दा मिटला.” मग घसा खाकरून त्या म्हणाल्या, “मेमोची फाइल मी त्यांना पाठवलेली नाही. ती अंतर्गत बाब आहे.”

ज्योतीरामनं लिफाफा फोडला. पत्र एकदा वाचलं, मग नुसता कागदाकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “कायम,” तो रोहिदासला म्हणाला. “भाऊ, कायम केलं!” रोहिदासनं त्याला उभं करून मिठीच मारली.

“पुरे, पुरे. आणि ही फाइल घ्या,” मॅडम म्हणाल्या. “शेवटच्या मेमोवर माझा शेरा आहे. वाचून सही करा.” आणि त्या झपाझप निघून गेल्या.

शेवटच्या खुलाशात रोहिदासनं रविवारी शिफ्ट सुटल्यावर चिंचवडला बायकोबरोबर पाहिलेल्या सिनेमाबद्दल लिहिलं होतं. त्यातली म्हातारी शेवटी मुलाचं घर सोडून एकटी राहायला जाते. रोहिदासचं मत पडलं होतं की तिनं तसं करायला नको होतं, घरातल्यांशी बोलून बघायला हवं होतं. त्याखाली ‘वरिष्ठांचा शेरा’ या रकान्यात मिनल मॅडमनी लाल शाईनं लिहिलं होतं:

‘खुलासा असमाधानकारक. मध्यंतराआधी पूर्ण अर्धा तास ती सगळ्यांशी बोलूनच बघते. कर्मचारी त्या वेळी झोपला असावा. उद्या दुपारी तीनच्या आत नवीन खुलासा द्यावा.’

रोहिदासनं ते दोनदा वाचलं. मग दबक्या आवाजात ज्योतीरामला म्हणाला, “झोपलो व्हतो खरा. पण ह्यांना कुनी सांगितलं?”